घेतलेल्या वस्तूचा अनुताप आणि गृहस्थाचा विवेक

मनुष्य एखादी वस्तू मिळविण्यासाठी जितका झुरतो, तितका ती मिळाल्यावर आनंदतोच असे नाही. पुष्कळदा उलटेच घडते. वस्तू दुरून दिसत असते तेव्हा मन तिच्याभोवती घिरट्या घालते. ती दारात येऊन उभी राहिली की थोड्याच दिवसांत तेच मन तिच्याकडे पाठ फिरविते, आणि मग एक निराळाच ताप सुरू होतो. हा ताप वस्तू नसल्याचा नसून ती असल्याचा असतो. अभावाचे दुःख सहन कसे करावे याचा उपदेश पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु हौसेने, कर्ज काढून, चारचौघांत मिरवून घेतलेली वस्तू थोड्याच महिन्यांत नकोशी झाली तर गृहस्थाने काय करावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो लाजेचा प्रश्न समजला जातो. वस्तुतः तो धर्माचा प्रश्न आहे. कारण त्यात सत्य, ऋण, कुटुंब आणि शेजारधर्म या चारही गोष्टी गुंतलेल्या असतात.

प्रश्न नेमका समजण्यासाठी एका गृहस्थाची कल्पना करावी. छत्तीसगडात रायपूरच्या दक्षिणेस, धमतरी-जगदलपूरच्या राजमार्गावर अभनपूर नावाचे तहसिलीचे गाव आहे. राजिमच्या त्रिवेणी संगमाकडे जाणारी वाट येथूनच फुटते. आसपास धानाची शेती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रांतात मराठी कुटुंबे वसलेली आहेत. तशांपैकीच एका घरचा हा कर्ता पुरुष आहे असे मानू. त्याची दहा एकर शेती आहे. छत्तीसगड शासनाने २०२३-२४ च्या हंगामापासून धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी अशी व्यवस्था केली. त्यातील आधारभूत किंमत आधी मिळाली आणि उरलेला क्विंटलमागे ९१७ रुपयांचा फरक मार्च २०२४ मध्ये एकरकमी खात्यांत जमा झाला. दहा एकरांच्या शेतकऱ्याला या फरकापोटीच १,९२,५७० रुपये मिळाले. एवढी रक्कम एकदम हाती आली म्हणजे ती मनाला स्वस्थ बसू देत नाही. त्या गृहस्थाने त्याच वर्षीच्या धनत्रयोदशीस नऊ लाखांची नवी मोटार घेतली. दोन लाख रोख भरले, सात लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढले. मुलगा रायपूरच्या महाविद्यालयात जातो, वृद्ध आईला दवाखान्यात न्यावे लागते, लग्नकार्याला जाताना बसची वाट पाहावी लागते, ही कारणे त्याने स्वतःला आणि घरच्यांना सांगितली. ती खोटी नव्हती. परंतु तीच सगळी कारणे होती असेही नाही. भाऊबंदांपैकी एकाच्या दारात गतवर्षी मोटार आली होती, हेही एक कारण होते, आणि ते मात्र त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

पुढे दिवस पालटले. ३० मार्च २०२५ रोजी रायपूरहून मंदिर हसौद, नवा रायपूर या मार्गाने अभनपूरपर्यंत नव्या रुंद रुळांवरून मेमू गाडी सुरू झाली. पुढे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती राजिमपर्यंत पोहोचली. या भागात शंभर वर्षांहून अधिक काळ धावलेल्या छोट्या गाडीची आठवण लोकांच्या मनात होतीच. मुलगा आगगाडीने जाऊ लागला. आईला महिन्यातून एकदाच दवाखान्यात न्यावे लागे. मोटार अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी राहू लागली. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस साडेचौदा हजारांचा हप्ता मात्र खात्यातून जात राहिला. आठ महिने उलटले, आणि त्या गृहस्थाच्या मनात प्रथमच स्पष्ट विचार आला की ही मोटार घेण्यात चूक झाली, ती विकून टाकावी.

असा विचार येताच मनात तीन वकील उभे राहतात. पहिला म्हणतो, लोक काय म्हणतील? आठ महिन्यांत मोटार विकली म्हणजे याचे दिवाळे निघाले, असे गावभर होईल. दुसरा म्हणतो, इतका पैसा घातला आहे, आता विकली तर तो सगळा पाण्यात जाईल; त्यापेक्षा ती वापरावीच, कारण नसले तरी वापरावी. तिसरा सर्वांत चतुर असतो. तो म्हणतो, विकावी, पण किंमत चांगली यावी म्हणून खरे कारण सांगू नये. आपला तोटा घेणाऱ्याच्या गळ्यात हळूच अडकवावा. गृहस्थाचा धर्म या तिघांचे म्हणणे ऐकून न्याय करण्यात आहे.

परंतु त्याआधी अनुतापाचाच विचार केला पाहिजे. कारण अनुताप झाला म्हणजे सद्‌बुद्धी झालीच असे नाही. गीतेचा आरंभच एका थोर पुरुषाच्या विषादाने होतो. अर्जुनाचे हृदय कोमल होते, त्याचे प्रश्नही खोटे नव्हते. तरी भगवंतांनी त्याच्या शोकाला ज्ञान म्हटले नाही. शोक करणारा शहाण्यासारखा बोलत असला तरी तो शोकाच्याच आहारी गेलेला असतो, हे त्यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. शोक मागे पाहतो आणि तेथेच खिळतो. ‘माझ्यासारख्या माणसाकडून असे कसे झाले’ हा त्याचा पालुपदासारखा उद्गार असतो. त्यात चुकीपेक्षा ‘माझ्यासारखा माणूस’ हेच मोठे असते. असा शोक म्हणजे दुखावलेला अहंकारच होय. तो रात्र-रात्र झोपू देत नाही आणि सकाळी उठून एकही काम करू देत नाही. विवेकयुक्त अनुतापाचे लक्षण निराळे आहे. तो चूक कोठे झाली ते एकदा नीट पाहतो आणि लगेच विचारतो, आता माझ्या हाती कोणते कर्तव्य उरले आहे? शोकाला प्रेक्षक लागतात; अनुतापाला काम लागते.

या दोहोंतील भेद रायपूरच्याच एका पुरुषाच्या चरित्रात लखलखीतपणे दिसतो. पंडित माधवराव सप्रे हे मराठी घराण्यातले. त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालविला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. आप्तांच्या आग्रहाला बळी पडून त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि त्यांची सुटका झाली. सुटकेनंतर त्यांना त्या क्षमापत्राचा दारुण अनुताप झाला. त्यांच्यापुढेही दोन वाटा होत्या. आप्तांना दोष देत, नशिबाला बोल लावत जन्म काढता आला असता. त्यांनी तसे केले नाही. रामदासी मठात राहून त्यांनी वर्षभर मधुकरी मागितली, म्हणजे स्वतःच्या प्रतिष्ठेचे ओझे झोळीत उतरविले; आणि मग कामाला लागले. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत आणला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले, आणि त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनी १९१६ मध्ये हिंदी वाचकांच्या हाती दिला. क्षमापत्राची चूक मोठी आणि मोटारीची चूक लहान, हे खरे. परंतु अनुताप शुद्ध आहे की नाही हे ओळखण्याची खूण दोन्हीकडे एकच आहे. त्या अनुतापातून पुढचे योग्य पाऊल पडते की नाही, एवढेच पाहावयाचे.

आता पहिल्या दोन वकिलांकडे वळावे. दुसऱ्याचे म्हणणे हिशेबाचे आहे, म्हणून ते हिशेबानेच तपासले पाहिजे. सात लाखांच्या कर्जावर दरसाल नऊ टक्के व्याज धरले तर पाच वर्षांचा मासिक हप्ता सुमारे १४,५३१ रुपये येतो. आठ हप्त्यांत १,१६,००० रुपये भरले गेले. त्यांपैकी सुमारे ४०,००० केवळ व्याजात गेले आणि मूळ कर्ज ६,२४,००० च्या आसपास उरले. विमा कंपन्या वाहनाची विमारक्कम ठरविताना जी सर्वमान्य श्रेणी वापरीत आल्या आहेत, तीनुसार नव्या मोटारीचे मूल्य पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा टक्के, दुसऱ्या वर्षी वीस टक्के, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के घटलेले मानले जाते. त्या हिशेबाने नऊ लाखांची मोटार आठ महिन्यांत ७,६५,००० ची झाली. बाजारात यापेक्षा कमीही मिळतील. नोंदणीचा खर्च आणि विम्याचा गेलेला हप्ता परत येत नाही. वाहनाचा कर भरला तो भरलाच. मुदतीपूर्वी कर्ज फेडताना बँक काही शुल्क मागेल तेही जमेस धरावे.

हा सगळा तोटा डोळ्यांसमोर मांडला म्हणजे छाती दडपते. परंतु येथेच बुद्धीने एक गोष्ट घट्ट धरली पाहिजे. हा तोटा मोटार विकल्याने होणार नसून तो होऊन चुकला आहे. धनत्रयोदशीच्या दिवशी मोटार दुकानाच्या दारातून बाहेर पडली तेव्हाच त्याचा आरंभ झाला. मोटार ठेवली म्हणून गेलेले पैसे घरात परत येणार नाहीत. उलट पुढील बावन्न हप्ते, दरवर्षीचा विमा, तेल, दुरुस्ती आणि वर्षागणिक घटत जाणारे मूल्य हे सर्व त्या तोट्यात भर घालीत राहील. थोडे थांबले तर भाव येईल, ही आशाही बहुधा फसवी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला. नव्या मोटारी स्वस्त झाल्या म्हणजे जुनीला पूर्वीचा भाव कोण देणार? चांगल्या भावाची वाट पाहत ज्यांनी मोटार शेडखाली ठेवली, त्यांची आशा अशा रीतीने परस्पर मावळली. गेलेल्या धनाचा विचार पुढील कर्तव्याच्या निर्णयात घालणे म्हणजे मेलेल्या बैलाच्या चाऱ्यासाठी जिवंत बैल विकण्यासारखे आहे.

पहिल्या वकिलाचे, म्हणजे लोकलज्जेचे, म्हणणे हिशेबाने खोडता येत नाही. त्याला गीतेचेच उत्तर हवे. अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे मनाच्या धारणाशक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सामान्यतः धीर धरणे हा गुणच समजला जातो. पण भगवंतांनी असाही एक धीर दाखविला आहे की जो भय, शोक, विषाद आणि मद यांनाच घट्ट धरून ठेवतो आणि ज्याला दुर्बुद्धी मनुष्य सोडू शकत नाही. त्याला त्यांनी तामस धृती म्हटले. बाहेरून ती चिकाटीसारखी दिसते. ‘घेतले ते निभावलेच पाहिजे’ असे ती म्हणते. वास्तविक शेडखालची ती मोटार या गृहस्थाला वाहून नेत नाही. तोच तिला पाच वर्षे वाहून नेणार असतो. शब्द निभावणे हा धर्म आहे, ऋण फेडणे हा धर्म आहे; परंतु केवळ आपली चूक उघडी पडू नये म्हणून चूक चालू ठेवणे हा धर्म नव्हे. गावातले लोक आठ दिवस बोलतील. हप्ता मात्र बावन्न महिने द्यावा लागेल, आणि ज्या लोकांच्या भयाने तो द्यावयाचा त्यांपैकी एकही जण त्यातला एक रुपया देणार नाही.

मोटारीच्याच बाबतीत असा एक प्रसंग महात्मा गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतील जीवनात घडला. त्यांचे जिवलग मित्र हर्मन कॅलनबाख हे जोहान्सबर्गमधील श्रीमंत वास्तुशिल्पी होते. सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी १९१० साली टॉलस्टॉय फार्मची सुमारे अकराशे एकर जमीन त्यांनीच दिली. त्यांच्या चरित्रात असे सांगितले आहे की गांधीजी तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांना आणण्यासाठी कॅलनबाख नवी मोटार घेऊन गेले. गांधीजींना ते मुळीच रुचले नाही. मित्राच्या प्रेमातून आलेली ती वस्तू त्यांना त्या प्रेमाहून हलकी वाटली. कॅलनबाखांनी ती मोटार वापरणे सोडले. ती जवळजवळ वर्षभर तशीच उभी राहिली आणि अखेर विकली गेली. पुढे १९१४ साली दोघे मित्र इंग्लंडला जहाजाने जात असताना कॅलनबाखांच्या मौल्यवान दुर्बिणींवरून त्यांची रोज चर्चा होई. शेवटी, वादाचे मूळच नको म्हणून, कॅलनबाखांच्या पूर्ण संमतीने ती सात पौंडांची दुर्बीण समुद्रात टाकण्यात आली. गांधीजींनी ही हकीकत आत्मकथेत लिहिली आहे.

या दोन प्रसंगांतील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. दुर्बीण समुद्रात गेली, मोटार विकली गेली. त्यागाची तीव्रता दुर्बिणीच्या प्रसंगात अधिक दिसते. परंतु गृहस्थाला मार्गदर्शक मोटारीचाच प्रसंग आहे. दुर्बीण सर्वस्वी कॅलनबाखांची होती; तिच्यावर कोणाचे कर्ज नव्हते, तिच्या किमतीवर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. अभनपूरच्या गृहस्थाच्या मोटारीवर बँकेचा अधिकार आहे, मुलाच्या शिक्षणाचा अधिकार आहे, आईच्या औषधाचा अधिकार आहे. वैराग्याच्या भरात ती कोणाला फुकट देऊन टाकणे हे त्याला शोभणार नाही. दुसऱ्याच्या ऋणावर केलेला त्याग हा त्याग नव्हे. त्याने ती योग्य किमतीस विकावी, आलेल्या पैशातून प्रथम बँकेचे कर्ज फेडावे आणि उरेल ते घराच्या गरजेस लावावे. संन्याशाला जे समुद्रात टाकता येते ते गृहस्थाला बाजारातून न्यावे लागते; आणि म्हणूनच गृहस्थाची खरी परीक्षा बाजारात होते.

येथे तिसरा वकील पुढे येतो, आणि खरा धोका त्याच्यापासून आहे. कारण त्याने विकण्याचा सल्ला दिलेला असतो आणि तो बरोबरच असतो. त्याचे म्हणणे एवढेच की सत्य थोडे झाकावे. कायदाही त्याच्या बाजूने बराच बोलतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे आहे की काही अपवाद सोडल्यास घेणाऱ्याने स्वतःच पारखून घ्यावे. विकणाऱ्याने न विचारलेले सांगितलेच पाहिजे असे बंधन त्यात सामान्यतः नाही. परंतु कायदा जेथे थांबतो तेथेच धर्माचा आरंभ होतो. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. जाजलीने इतके कठोर तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटी केली. त्याला तपाचा गर्व झाला. तेव्हा त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे जाण्याचा आदेश झाला. तुलाधाराचे तप कोणते? तो दुकानात बसून माल विकीत असे, त्याच्या व्यवहारात कपट नव्हते, आणि त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. अरण्यातील तपस्व्याने बाजारातील माणसाकडून धर्म शिकावा, हा या कथेचा मर्मार्थ आहे.

तराजू सारखा म्हणजे काय, हे जुन्या मोटारीच्या विक्रीत चांगले कळते. आपण घेणारे असतो तर जे जाणून घ्यावेसे वाटले असते, ते विकताना सांगणे हाच सारखा तराजू. मोटारीला कोठे धक्का लागला होता काय, पत्रा ठोकून रंग दिला आहे काय, विम्याचा दावा केला होता काय, पावसात पाणी शिरले होते काय, कर्ज किती उरले आहे, हे न विचारता सांगावे. का विकता, असे विचारल्यास ‘मोठी घ्यावयाची आहे’ असे खोटे सांगू नये. ‘गरजेपेक्षा जास्त घेतली, हप्ता जड जातो’ असे खरे सांगावे. हे वाक्य उच्चारण्यास जड जाते खरे, परंतु त्याची किंमत मोठी आहे. त्याने घेणाऱ्याला मोटारीविषयी विश्वास वाटतो आणि विकणाऱ्याचा अहंकार एकाच वाक्यात उतरतो.

कागदपत्रांचेही तसेच आहे. बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र घेऊन तो नोंदणीपत्रावरून काढावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, वाहन त्याच राज्यात नोंदलेले असल्यास, विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची खबर नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. घेणाऱ्यास तीस दिवसांची मुदत असते. पुष्कळ लोक पैसे आणि किल्ली यांची देवघेव झाली की काम संपले असे समजतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंद ज्याच्या नावावर राहिली तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. यात एक आध्यात्मिक बोधही आहे. वस्तू हातातून गेली तरी नाव तिच्यावरून उतरले नसेल तर तिचे बंधन सुटत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न पुढेच आहे. समजा, मोटार घ्यावयास शेजारचाच एक तरुण आला. नुकतीच त्याला नोकरी लागली आहे, लग्न ठरत आहे, खिशात पैसे थोडे आणि डोळ्यांत हौस भरपूर. तोही कर्ज काढणार. त्याच्या चेहऱ्यावर या गृहस्थाला आठ महिन्यांपूर्वीचा आपलाच चेहरा दिसतो. किंमत तो चांगली देतो आहे. आता काय करावे? आपली चूक उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवली तर ती चूक सुधारली, की फक्त तिचा पत्ता बदलला? काही जण म्हणतील, तो सज्ञान आहे, त्याचा निर्णय त्याने घ्यावा. हे अर्धे खरे आहे. त्याच्यावर आपला निर्णय लादण्याचा अधिकार या गृहस्थाला नाही. कदाचित त्या तरुणाला रोज दूरच्या गावी कामाला जावे लागत असेल आणि मोटारीने त्याचे जीवन खरोखरच सुकर होणार असेल. परंतु जे ज्ञान स्वतः दाम मोजून मिळविले ते त्याच्यापासून लपविण्याचाही अधिकार याला नाही. म्हणून त्याने त्याला ओटीवर बसवून आपला संपूर्ण हिशेब दाखवावा: हप्ता किती, व्याज किती, विमा किती, तेल किती, महिन्यातून मोटार खरोखर किती दिवस बाहेर निघाली. एवढे ऐकूनही तो घेईल तर आनंदाने द्यावी. ऐकून तो परत गेला आणि गिऱ्हाईक गेले, तर त्या दिवशी या गृहस्थाच्या हातून मोटार विकली गेली नाही, पण एक पुण्यकर्म निश्चित घडले. आपल्या तोट्यातून दुसऱ्याचा तोटा टळला, तर त्या तोट्याचे सोने झाले.

मोटार विकल्यानंतरही सावध राहावे लागते. मन विलक्षण चतुर आहे. भोगाचा अभिमान सुटला की ते त्यागाचा अभिमान धरते. कालपर्यंत मोटारीचे कौतुक सांगणारा मनुष्य आज आगगाडीच्या डब्यात बसून मोटारवाल्यांना उपदेश करू लागतो. हेही बंधनच होय. मोटार ही वस्तू स्वभावतः पापरूप नाही. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ साली बारा हजारांची फियाट मोटार घेतली आणि तीसाठी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते पुढे आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. तीही मोटारच होती आणि तेही कर्जच होते. परंतु त्या घरात तिच्यामुळे ना मद आला, ना ऋणाची टाळाटाळ झाली. दोष वस्तूत नसतो. ज्या संकल्पाने ती घरात आली त्या संकल्पात तो असतो.

म्हणून तो संकल्पच तपासावा. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे जे चित्र आहे, त्यात तो अखंड मोजत असतो: आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, इतके धन झाले, पुढे तितके होईल. हे चित्र वाचताना वाटते की ते कोणा दुष्ट राजाचे असावे. परंतु फरकाची रक्कम खात्यात जमा झाल्याच्या रात्री अंथरुणावर पडून भाऊबंदांच्या अंगणातील मोटारीचा विचार करणारा साधा गृहस्थही त्या क्षणी तेच सूत्र जपत असतो. दुसऱ्या अध्यायात सांगितलेली विषयचिंतनाची साखळी तेथूनच सुरू होते: चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, आणि कामना अडली की क्रोध. साखळीची पहिली कडी जेथे सापडते तेथेच तिला तोडणे सोपे असते. सुगीचा किंवा बोनसाचा पैसा हाती आल्यावर काही दिवस कोणतीही मोठी खरेदी करू नये. पती-पत्नींनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून प्रथम कर्ज, बियाणे, शिक्षण आणि आजारपण यांचा वाटा काढून ठेवावा, आणि मग उरलेल्याचा विचार करावा. जी हौस महिनाभर थांबल्याने मरते ती हौसच होती. जी थांबूनही टिकते ती बहुधा गरज असते.

घरच्या माणसांशी वागतानाही विवेक हवा. चूक उघड झाली की घरात ‘मी तेव्हाच सांगत होते’ आणि ‘तुम्हीच तर हट्ट धरला होता’ असे शब्द फिरू लागतात. त्यांनी मोटारीचा तोटा भरून निघत नाही. संसाराचा तोटा मात्र सुरू होतो. कर्त्या पुरुषाने मुलांसमोर मोकळेपणाने म्हणावे की हा निर्णय चुकला, आता आपण तो दुरुस्त करीत आहोत. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, असे भगवंतांनी सांगितले आहे. आणि मुलांच्या दृष्टीने घरात वडिलांहून श्रेष्ठ दुसरा कोण? वडिलांकडून चूक होऊ शकते, ती त्यांना मान्य करता येते, आणि मान्य केल्यावर घर कोसळत नाही, हे तीन धडे मुलांना कोणत्याही शाळेत मिळणार नाहीत. त्यापुढे मोटारीतून फिरण्याचे सुख फार स्वस्त आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचेही तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी अमृतासारखे लागते आणि परिणामी विषासारखे होते ते राजस. जे आरंभी विषासारखे वाटते आणि परिणामी अमृत होते ते सात्त्विक. जे सुख आरंभीही आणि शेवटीही मोहात व निद्रेत गुंगवून ठेवते ते तामस. शेडखाली मोटार झाकून ठेवून ‘पुढे पाहू’ म्हणत राहणे हे त्याचेच उदाहरण होय. धनत्रयोदशीच्या दिवशी मोटारीला हार घालताना जे सुख झाले ते पहिल्या प्रकारचे होते. नव्या कोऱ्या मोटारीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना, कमी आलेली रक्कम मोजताना आणि लोकांच्या नजरा सोसताना जे कडू वाटते, ते दुसऱ्या प्रकारच्या सुखाचे दार आहे. त्या दारातून वाकूनच जावे लागते. जो खरे बोलून, ऋण फेडून, कोणाला न फसविता आणि कोणाला न दूषविता त्यातून पलीकडे जातो, त्याचे धन थोडे कमी झालेले असते. परंतु महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याची झोप मोडत नाही, शेजाऱ्याला पाहून त्याची मान खाली जात नाही, आणि पुढच्या सुगीचा पैसा हाती येईल तेव्हा त्याचा धनी पैसा नसून तो स्वतः असतो. गृहस्थाश्रमात राहून मिळविण्यासारखे स्वातंत्र्य हेच आहे. ते प्रत्येक घरात नांदो, हीच श्रीभगवंतांच्या चरणी प्रार्थना.